हेडलाईनमधला 'या' आणि आईचा रोजचा क्लिक

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमची आई रोज सकाळी चहा घेता घेता मोबाईलवर 'लाडक्या बहिणींसाठी मोठी बातमी' छाप लिंक उघडते, खालपर्यंत वाचते, हाती काहीच लागत नाही, चिडते, आणि दुसऱ्या दिवशी परत तशीच लिंक उघडते, वर घरच्या ग्रुपवर पण टाकते. शिकलेली आहे, आपल्याला फसवतायत हे तिला कळतं. मग असं का होतं, आणि हे सगळं इतकं पसरतं कसं?

मी बारा वर्षं मराठी डिजिटल न्यूजमध्ये काढली, त्यातली पहिली सात डेस्कवर, म्हणजे नेमक्या अशाच हेडलाईन लिहिण्यात. आता पत्रकारितेच्या मुलांना शिकवतो. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, पण जे केलंय आणि जे बघितलंय तेच सांगतो.

सगळ्यात आधी, आई भोळी आहे म्हणून क्लिक करते हे डोक्यातून काढून टाका. ती भोळी नाहीये. ती जो हिशोब करते तो अगदी बरोबर आहे, हिशोब चुकीचा आहे तो पलीकडच्या माणसाचा. कसं ते सांगतो.

मराठी क्लिकबेटचा, म्हणजे लिंक उघडायला भाग पाडणाऱ्या हेडलाईनचा, प्राण एका अक्षरात आहे, 'या'. एकेरी अवतरण चिन्हात घातलेला 'या'. इंग्रजीवाल्यांना 'पुढे काय झालं ते वाचून विश्वास बसणार नाही' असं लांबलचक लिहावं लागतं, आपल्याला नाही. आपण खरी, साधी बातमी घ्यायची आणि त्यातलं एक नाम उचलून बाजूला ठेवायचं, बस. 'सांगली जिल्ह्यातल्या शाळांना उद्या सुट्टी' ही बातमी आहे. 'मोठी बातमी! 'या' जिल्ह्यातील शाळांना उद्या सुट्टी' हे क्लिकबेट आहे. आता गणित बघा. पहिली हेडलाईन नागपूरचा पालक वाचतो, आपल्या कामाची नाही हे त्याला तिथेच कळतं, तो पुढे जातो, ती सांगलीचाच माणूस उघडतो आणि त्यालाही खरं तर उघडायची गरज नसते कारण उत्तर मिळालेलं असतं. दुसरी हेडलाईन महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांतले पालक उघडतात. एका जिल्ह्याची बातमी ३६ जिल्ह्यांना विकली. लिहिणाऱ्याने खोटं काही लिहिलं का? नाही. एक शब्द काढला फक्त. म्हणून मी मुलांना सांगतो की क्लिकबेट म्हणजे खोटी बातमी नव्हे, क्लिकबेट म्हणजे अडवून ठेवलेली बातमी. जे तुम्हाला हेडलाईनमध्ये फुकट मिळायला हवं होतं ते सहाव्या परिच्छेदात नेऊन ठेवायचं आणि तिथपर्यंत यायचं भाडं घ्यायचं.

हे माणसाच्या मनावर का चालतं याचं सगळ्यात नेमकं उत्तर जॉर्ज लोवेनस्टाईन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९४ मध्ये देऊन ठेवलंय, म्हणजे फेसबुक यायच्या दहा वर्षं आधी. तो म्हणतो की कुतूहल म्हणजे काही थोर ज्ञानाची तहान वगैरे नसते, आपल्याला जे माहिती आहे आणि जे माहिती करून घ्यायचंय यातली फट अचानक दिसली की ती टोचायला लागते, आणि ती भरेपर्यंत चैन पडत नाही. यातला महत्त्वाचा भाग असा की फट दिसण्यासाठी थोडं तरी माहीत असावं लागतं. अजिबात माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल कुतूहल वाटत नाही. जपानमधल्या शाळांच्या सुट्टीने तुमच्या आईला काही होणार नाही. पण लाडकी बहीण योजना तिला माहितीय, १,५०० रुपये माहितीय, हप्ता आपल्याला येतो हे माहितीय, फक्त तारीख माहीत नाही. नव्वद टक्के चित्र डोळ्यासमोर आणि दहा टक्क्यांवर बोट ठेवलेलं. खाज सुटते ती तिथे.

आपल्याला हे वाड्यात आणि चाळीत नवीन नव्हतं. शेजारची काकू जिन्यात गाठून म्हणायची, "अगं तुला कळलं का त्यांच्याकडचं... जाऊ दे, संध्याकाळी सांगते." आता संध्याकाळपर्यंत हातातलं काम होणार आहे का कुणाचं? कीर्तनकार बुवा सुद्धा आख्यान ऐन रंगात आणून अभंगाकडे वळतात आणि मांडव जागचा हलत नाही. पण बुवा परत आख्यानावर येतात आणि काकू संध्याकाळी खरंच येऊन सांगते, चार गोष्टी जास्तच सांगते. शिवाय काकूला त्याच जिन्यातून रोज जायचं असतं, दोनदा थापा मारल्या तर तिसऱ्यांदा तिच्याकडे कोण थांबणार. वेबसाईटला जिना नाही. आज एका नावाने फसवलं तर उद्या दुसऱ्या नावाने समोर येता येतं, आणि आईच्या फोनवर साईटचं नाव एवढ्या बारीक अक्षरात असतं की तिला चश्मा लावूनही कळत नाही कोण होतं.

आता 'कळतं तरी का करते' याकडे येतो. मुलं मला नेहमी विचारतात की सर लोक शिकत कसे नाहीत. शिकतात हो. पण तिच्या जागी बसून बघा. लिंक उघडायला खर्च किती? २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा जवळजवळ फुकट झाला, म्हणजे खर्च फक्त एक मिनिट. आणि वीस लिंकांपैकी एक जरी खरी असली, म्हणजे खरंच केवायसीची मुदत संपत असली आणि ती चुकली, तर महिन्याचे १,५०० रुपये गेले. एकोणीस वेळा फसलं तरी एका खऱ्या बातमीसाठी ते परवडतं. म्हणून ती उघडते, आणि शहाणी आहे म्हणूनच उघडते. हे लक्षात आलं की तुम्हाला दुसरी गोष्ट पण दिसेल, की मराठीत क्लिकबेट कुठे सगळ्यात जास्त असतं ते. सिनेनटीच्या लग्नावर असतं, राशिभविष्यावर असतं ('या' तीन राशींचं नशीब फळफळणार, हे तर रोजचंच), पण खरा पूर असतो तो योजनेचा हप्ता, पीक विमा, कर्जमाफी, भरतीची जाहिरात, निकालाची तारीख, पावसाचा अलर्ट, शाळेची सुट्टी, सोन्याचा भाव, कांद्याचा भाव यांवर. ज्याला ज्या माहितीवाचून अडतं तीच माहिती अडवायची. नटीच्या लग्नाचं क्लिकबेट मी एक वेळ माफ करीन, वाचणाऱ्याचं पाच मिनिटं मनोरंजन झालं. हे दुसरं नाही करता येत माफ.

कारण ते मी स्वतः केलंय. २०१९ चा ऑक्टोबर, परतीच्या पावसाने काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच भिजून गेलं होतं आणि भरपाईची चर्चा चालू होती. एका नेत्याने कुठेतरी सांगितलं की मदत लवकरच देऊ. एवढीच बातमी. मी हेडलाईन दिली, 'शेतकऱ्यांच्या खात्यात 'या' तारखेला जमा होणार पैसे'. आत तारीख नव्हतीच, असणार कुठून, मी 'लवकरच'वर चार परिच्छेद फिरवले, खाली जुन्या योजनेची माहिती चिकटवली. दिवसभर ती बातमी एक नंबरला होती, ऑफिसच्या ग्रुपवर कौतुक झालं. तीन-चार दिवसांनी ऑफिसच्या लँडलाईनला फोन आला, परभणीकडचे एक गृहस्थ. दोन दिवस लागोपाठ तालुक्याच्या बँकेत जाऊन पासबुक भरून आले होते. ओरडले नाहीत, शिव्या नाहीत. म्हणाले, "साहेब, बातमीत ती तारीख नेमकी कुठली होती? मला काही सापडली नाही, पोराकडून पण वाचून घेतलं." त्यांना वाटलं होतं की चूक त्यांची आहे, त्यांना नीट वाचता आलं नाही. त्यांना काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, पण तो प्रश्न मला शब्दशः आठवतो. पुढच्या सहा महिन्यांत मी डेस्क सोडला.

आता ऑफिसच्या आत काय चालतं ते. डेस्कच्या समोर भिंतीवर एक मोठी स्क्रीन असते, त्यावर या क्षणाला साईटवर किती माणसं आहेत आणि कुठल्या बातमीवर किती, ते आकडे सेकंदासेकंदाला हलत असतात. प्रत्येकाला शिफ्टला ठरावीक बातम्या आणि महिन्याला ठरावीक पेज व्ह्यूज, म्हणजे पानं इतक्या वेळा उघडली गेलीच पाहिजेत. तुम्ही मन लावून लिहिलेली बातमी ४० माणसांवर घुटमळतेय आणि शेजारच्याची 'नेमकं काय घडलं?' ४,००० वर आहे हे आठ तास डोळ्यांसमोर बघत बसायचं. वाईट माणसं नसतात हो ती, चोवीस-पंचवीस वर्षांची पोरं असतात, गावाकडून आलेली, खोलीभाडं भरणारी. संपादक कधीच म्हणत नाही की फसवा. तो म्हणतो 'हेडलाईनमध्ये जरा उत्सुकता ठेव की', 'एवढं सगळं वर सांगून टाकलंस तर आत कोण येणार'. महिनाभरात हात आपोआप तसा वळतो.

पैशाचा हिशोब सोपा आहे. आकडे समजण्यासाठी धरा: हजार पानं उघडली गेली की जाहिरातीचे ५० रुपये मिळतात. एका रिपोर्टरला बीडला पाठवून ऊसतोड कामगारांवर दोन दिवसांची बातमी केली, येण्याजाण्याचे-राहण्याचे पाच हजार धरले, तर नुसता तो खर्च निघायला एक लाख पानं लागतात, पगार वेगळाच. आणि 'या' वाली बातमी टेबलावर बसून पंधरा मिनिटांत होते, खर्च शून्य, तिला पाच हजार पानं मिळाली तरी अडीचशे रुपये निव्वळ, आणि अशा दिवसाला दीडशे टाकता येतात. या गणितात बीडची बातमी टिकेल तरी कशी सांगा. मराठीत तर अजून वाईट, कारण मराठी पानावरच्या जाहिरातीला इंग्रजी पानापेक्षा भाव कमी मिळतो, म्हणजे तेवढ्याच पैशासाठी जास्त पानं उपसायची.

आणि एकदा माणूस आत आला की पानाची बांधणी पण तशीच असते. उत्तर मुद्दाम खाली, कारण खाली जाईपर्यंत मधल्या चार-पाच जाहिराती लोड होतात आणि त्यांचे पैसे सुटतात. पहिले दोन परिच्छेद हेडलाईनच परत परत सांगतात. मध्ये 'हेही वाचा'. फोटो गॅलरी असेल तर प्रत्येक फोटो म्हणजे एक वेगळं पान. शेवटी 'तुमच्यासाठी खास' म्हणून फोटोंच्या चौकटी, त्यातल्या निम्म्या जाहिरातीच असतात. आई म्हणते ना की बातमी वाचता वाचता भलतंच काहीतरी उघडलं, ते तिचं बोट चुकलं म्हणून नाही, बोट चुकेल अशा जागीच ते ठेवलेलं असतं.

जाहिरात देणाऱ्या कंपन्यांना हे चालतं का? त्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं. जाहिरात आता पानावर थेट विकली जात नाही, मधल्या यंत्रणा सेकंदाच्या आत लिलाव करून ती कुठेतरी लावून टाकतात. अमेरिकेतल्या मोठ्या जाहिरातदारांच्या संघटनेने २०२३ मध्ये हे तपासलं तर त्यांच्या सभासदांच्या जितक्या जाहिराती दिसल्या त्यातल्या २१ टक्के आणि खर्चातले १५ टक्के अशा साईटवर गेले होते ज्या फक्त जाहिराती दाखवण्यासाठीच बनवलेल्या आहेत. म्हणजे ही दुकानं बंद का होत नाहीत याचं उत्तर तिथे आहे, बड्या कंपन्याच त्यांचं भाडं भरतायत, नकळत का होईना.

हे सगळं शास्त्र बनलं ते अमेरिकेत, आणि गंमत नाही पण दुःख वाटावं असं की चांगल्या हेतूने बनलं. अपवर्दी नावाची साईट २०१२ मध्ये सुरू झाली, हेतू हा की गरिबी, भेदभाव, पर्यावरण असे कोणी वाचत नाही ते विषय लाखो लोकांपर्यंत न्यायचे. त्यांचा नियम होता की प्रत्येक पोस्टसाठी २५ हेडलाईन लिहायच्या, त्यातल्या काही थोड्या वाचकांना वेगवेगळ्या दाखवून बघायच्या आणि जिच्यावर जास्त क्लिक ती ठेवायची. २०१३ च्या शेवटी महिन्याला नऊ कोटींच्या आसपास लोक तिथे येत होते. मग फेसबुकने फीडचे नियम बदलले आणि दोन-तीन महिन्यांत तो आकडा जवळपास निम्म्यावर आला. पण तोपर्यंत जगभरच्या डेस्कनी पद्धत उचलली होती, आमच्यापर्यंत पण ती कुणाच्या तरी ट्रेनिंगच्या स्लाईडमधूनच आली. त्यांच्या त्या हजारो चाचण्यांचा साठा नंतर अभ्यासकांना खुला झाला आणि २०२३ मध्ये त्यावर एक पेपर आला, लाखाहून जास्त हेडलाईन तपासलेल्या. निघालं काय, तर साधारण लांबीच्या हेडलाईनमध्ये एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं. ऐकायला फारच थोडं वाटतं. पण डेस्कला रोज शंभर हेडलाईन जातात आणि मशीन रोज त्यातल्या जिंकणाऱ्या निवडतं, तेव्हा वर्षभरात सगळी भाषाच 'धक्कादायक', 'खळबळ', 'हादरला', 'थरकाप' अशी होऊन बसते. कोणी एकाने ठरवलेलं नसतं.

आता पसरण्याकडे, कारण तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग तो आहे. क्लिक करणं आणि शेअर करणं ही दोन वेगळी कामं आहेत हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. क्लिक आपण स्वतःसाठी करतो, एकटे असताना करतो. शेअर दुसऱ्यांसाठी करतो. म्हणून क्लिक खाजेवर चालतो आणि शेअर भावनेवर. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या एका संशोधन संस्थेने ट्विटरवरच्या लिंका तपासल्या तर शेअर झालेल्या लिंकांपैकी ५९ टक्के कोणी एकदाही उघडल्या नव्हत्या. म्हणजे पसरते ती बातमी नाही, पसरते ती हेडलाईन. आपल्याकडे व्हॉट्सअपवर तर लिंक पण जात नाही, हेडलाईनचा स्क्रीनशॉट जातो, तारीख कापलेला. म्हणून दर पावसाळ्यात जुनेच धरणाचे आणि पुराचे व्हिडिओ 'आत्ताची बातमी' म्हणून परत फिरतात.

कुठली भावना जास्त पसरते यावर पण काम झालंय. बर्जर आणि मिल्कमन या दोन अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्सचे सात हजारांच्या आसपास लेख तपासले (२०१२ चा पेपर), त्यात दिसलं की राग, काळजी आणि थक्क होणं या माणसाला उठवून बसवणाऱ्या भावना असलेले लेख जास्त पाठवले जातात, नुसतं दुःख देणारे कमी. तुमचा फॅमिली ग्रुप उघडून बघा, तंतोतंत हेच. नोटबंदीच्या वेळी दोन हजारच्या नोटेत चिप असल्याचं आठवतंय ना, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते म्हणे, ते थक्क होण्यावर गेलं. आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये ट्विटरवरच्या, एकाकडून दुसऱ्याकडे रिट्वीट होत गेलेल्या बातम्यांच्या सव्वा लाखाच्या वर साखळ्या तपासून दाखवलं की खोटी बातमी खरीपेक्षा रिट्वीट होण्याची शक्यता ७० टक्के जास्त असते आणि १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागतो. कारण त्यांनी जे दिलं त्यात मला पटलेलं हे, की खोटं नेहमी नवं असतं. खरी बातमी कालच्या बातमीसारखीच असते हो बऱ्याचदा.

पण इथे मी अभ्यासकांच्या पुढे जाऊन माझं एक मत सांगतो. मराठी घरात शेअरचं सगळ्यात मोठं इंजिन राग नाही, काळजी आहे. मावशी 'हे तीन पदार्थ एकत्र खाल्ल्यास होऊ शकतो मृत्यू' पाठवते तेव्हा ती अफवा पसरवत नसते, तिच्या हिशोबी ती भाच्याला जपत असते. पाठवलं आणि खोटं निघालं तर काय गेलं, नाही पाठवलं आणि खरं निघालं तर? परत तोच हिशोब, आईचाच. म्हणून तिला 'असलं काहीही पाठवू नकोस' म्हटलं की ती दुखावते, तुम्ही बातमी नाकारत नाही, तिची माया नाकारताय असं तिला वाटतं.

आणि या काळजीचं काय होऊ शकतं ते आपण बघितलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आणि व्हिडिओ कित्येक दिवस फोनाफोनातून फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. तो क्लिकबेटचा धंदा नव्हता, कोणी पानं विकत नव्हतं, पण मेसेजची घडण तीच होती, गावाचं नाव नाही, तारीख नाही, 'आपल्या भागात', 'सावध राहा', 'लगेच सगळ्यांना पाठवा'. नाम काढून टाकलं की कुठल्याही गावाला ते आपलंच वाटतं. सांगलीच्या सुट्टीत जे झालं तेच. त्या महिन्यात व्हॉट्सअपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्डची मर्यादा आणली, पुढे एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेले मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील असं केलं. वेग कमी झाला, हे मान्य करायला हवं.

प्लॅटफॉर्मनी काही केलंच नाही असं नाही. फेसबुकने ऑगस्ट २०१४ मध्येच जाहीर केलं होतं की लोकांना विचारलं तर दहापैकी आठ वेळा त्यांना उघडायचं की नाही हे ठरवायला मदत करणारी हेडलाईनच आवडते, आणि लिंक उघडून लगेच परत येत असतील तर ती पोस्ट खाली ढकलू. २०१६ मध्ये शब्दरचना ओळखणारं मशीन आणलं. युट्युबने २०१२ मध्ये नुसत्या व्ह्यूजऐवजी किती वेळ बघितलं ते मोजायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये खास भारतासाठी जाहीर केलं की थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर, एक आणि आत भलतंच असेल, विशेषतः ब्रेकिंग न्यूजच्या बाबतीत, तर व्हिडिओ काढू. पण प्रत्येक वेळी झालं असं की मोजायची पट्टी बदलली आणि आम्ही त्या पट्टीप्रमाणे वाकलो. लगेच परत जाणं मोजायला लागले तेव्हाच तर उत्तर सहाव्या परिच्छेदात गेलं, वाचक आत रेंगाळावा म्हणून! बघण्याचा वेळ मोजायला लागले तर दोन मिनिटांची माहिती बारा मिनिटांच्या व्हिडिओत गेली. कमेंट मोजायला लागले तर 'कमेंटमध्ये लिहा' सुरू झालं, २०१७ च्या शेवटी त्यालाही फेसबुकने खाली ढकललं. आणि त्याच २०१७ मध्ये फेसबुकची आतली गणितं लाईकपेक्षा रागाच्या, प्रेमाच्या, हसण्याच्या इमोजीला पाचपट वजन देत होती, हे २०२१ मध्ये त्यांचीच कागदपत्रं बाहेर आल्यावर कळलं, रागाचं वजन पुढे त्यांनी शून्यावर आणलं. मशीनला क्लिक कळतो, वेळ कळतो, बोट कळतं. आई फोन खाली ठेवताना चिडली होती हे त्याला कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नाही. काल तिने हप्त्याची बातमी उघडली आणि दोन मिनिटं तिथे होती, म्हणजे तिला आवडली, उद्या अजून चार दे. गुगल डिस्कव्हरमध्ये, म्हणजे अँड्रॉइड फोनवर उजवीकडे सरकवलं की जे बातम्यांचं पान येतं तिथे, तिला रोज तेच दिसतं त्याचं हे कारण.

आता कोणी म्हणेल मग काय हेडलाईन कोरड्या लिहायच्या का. अजिबात नाही, मला चुरचुरीत हेडलाईन आवडते, मराठीत तिची मोठी परंपरा आहे. 'कांद्याने रडवलं' ही हेडलाईन मी कधीही घेईन. माझी कसोटी एकच आहे आणि ती मी वर्गात घासून घेतो: हेडलाईनमधून जो शब्द गाळला तो परत घातला तर बातमी उघडायचं कारण उरतं का? 'सांगलीच्या पाणीयोजनेचे पैसे गेले कुठे' यात काही गाळलेलं नाही, प्रश्नचिन्ह नसलं तरी प्रश्न आहे, आणि आत गेल्यावर खरंच काहीतरी वाचायला लागणार आहे. 'या' च्या जागी सांगली घातल्यावर बातमी संपत असेल तर तो शब्द तुम्ही चोरला होता. मुलांकडून मी एक व्यायाम करून घेतो, दिवसभरातल्या वीस 'या' हेडलाईन आणायच्या आणि 'या' च्या जागी नाव घालून फळ्यावर लिहायच्या. वीसपैकी सोळा-सतरांच्या आत काही उरत नाही, आणि फळा बघून वर्ग गप्प होतो, कारण त्यातल्या निम्म्यांना दोन महिन्यांनी तिथेच नोकरीला लागायचं असतं.

आईसाठी करता येण्यासारखं पण सांगतो. तिला 'उघडू नकोस' सांगून उपयोग नाही, तिला माहिती हवी आहे आणि ती रास्त आहे, तेव्हा माहितीची दुसरी वाट द्या. हप्ता जमा झाला की बँकेचा मेसेज येतो का ते एकदा बँकेत जाऊन चालू करून घ्या, मग तारखेच्या बातम्यांची गरजच संपते. पावसामुळे शाळेला सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, त्यामुळे तुमच्या जिल्ह्याचं जिल्हा माहिती कार्यालय कुठल्या समाजमाध्यमावर आहे ते तिला जोडून द्या, पावसाच्या इशाऱ्याला थेट हवामान खात्याचं पान. केंद्र सरकारच्या योजनेचा मेसेज खरा वाटत नसेल तर पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्याच माहिती कार्यालयाचं, फॅक्ट चेक २०१९ पासून चालू आहे. डिस्कव्हरमध्ये नकोशा बातमीच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात, तिथून ती साईट दाखवू नका असं सांगता येतं, चार-पाच दिवस तिच्या शेजारी बसून हे एकत्र करा, फीड बदललेलं दिसतं. आणि ग्रुपवर ती काही पाठवेल तेव्हा 'फेक आहे' असं सगळ्यांसमोर टाकण्यापेक्षा तिला फोन करा, तारीख आणि गाव विचारा, "कुठल्या गावची गं ही बातमी?" एवढंच. दोन-तीनदा झालं की पाठवण्याआधी ती स्वतःच शोधायला लागते, माझ्या आईने तसंच केलं.

अजून एक, हे बहुतेक घरांत कोणी बघतच नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साईट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स असं आहे. कधीतरी बातमी उघडल्यावर 'अलाऊ' आलं की आपले आईवडील ते दाबतात, कारण न दाबता बातमी दिसणार नाही असं त्यांना वाटतं, आणि मग आयुष्यभर त्या साईटची घंटी वाजत राहते. माझ्या आईच्या फोनमध्ये अशा सतरा साईट निघाल्या. एकेक बंद करत गेलो, त्यातली एक मी सात वर्षं जिच्या डेस्कवर होतो ती होती.